फोर्टच्या दगडी इमारतींसाठी इलफोर्ड एफपी४ प्लस

मुंबईच्या फोर्ट भागातील जुन्या इमारतींची कृष्णधवल छायाचित्रे फिल्मवर घ्यायची ठरवली, की बहुतेक जण ४०० आयएसओची फिल्म घ्यायला सांगतात. आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, म्हणजेच तिचा वेग; आकडा जितका मोठा, तितका कमी प्रकाश पुरतो. त्या सल्ल्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. ४०० ची फिल्म ढगाळ हवेत चालते, दिवेलागणीलाही चालते आणि हात हलण्याची धास्ती कमी राहते. तरीही दगडी इमारतींसाठी माझी पसंती इलफोर्डच्या एफपी४ प्लस या १२५ आयएसओच्या फिल्मलाच आहे. इमारत जागची हलत नाही, तिच्यावर ऊन कधी येते हे आधी पाहून ठेवता येते आणि मुंबईत वर्षाचे आठ महिने उन्हाची वानवा नसते. अशा कामात वेगापेक्षा दगडाचा पोत आणि करड्या रंगाच्या छटांमधला बारीक फरक महत्त्वाचा ठरतो, आणि या दोन्ही बाबतींत ही फिल्म सरस आहे. मी ती गेली अनेक वर्षे सातत्याने वापरत आले आहे आणि हे परीक्षण केवळ त्या एका वापरापुरते आहे. माणसांची, लग्नाची किंवा रस्त्यावरच्या धावपळीची छायाचित्रे घेणाऱ्यांचे निकष वेगळे असतील.

इलफोर्ड ही १८७९ मध्ये आल्फ्रेड हारमन यांनी लंडनजवळच्या इलफोर्ड गावी सुरू केलेली कंपनी. आज तिच्या कृष्णधवल फिल्म हारमन टेक्नॉलॉजी ही कंपनी इंग्लंडमध्येच, चेशायरमधील मोबर्ली येथे तयार करते. एफपी४ प्लस या रूपात ही फिल्म १९९० पासून बाजारात आहे. ती पॅनक्रोमॅटिक आहे, म्हणजे निळ्यापासून तांबड्यापर्यंतचे सर्व रंग तिच्यावर उमटतात. तिचा दाणा, म्हणजे चित्र घडवणाऱ्या चांदीच्या कणांचा पोत, जुन्या धाटणीचा आहे. कोडॅकची टी-मॅक्स किंवा इलफोर्डचीच डेल्टा या फिल्मांत चपट्या स्फटिकांमुळे दाणा जवळजवळ दिसेनासा होतो, तसे येथे होत नाही. मोठ्या प्रिंटमध्ये बारीक, एकसारखा दाणा दिसतो, पण तो कोरीवकामाच्या रेषांवर कुरघोडी करत नाही. दगडासाठी मला हाच समतोल योग्य वाटतो. अगदी गुळगुळीत फिल्मवर घेतलेल्या भिंतीचा खडबडीतपणा थोडा ओसरल्यासारखा दिसतो, तर ४०० च्या फिल्मवर दगडाचा दाणा कोणता आणि फिल्मचा कोणता, हे लांबच्या भिंतींच्या बाबतीत सांगता येत नाही.

या फिल्मची खरी परीक्षा घ्यायची असेल, तर जनरल पोस्ट ऑफिससारखी दुसरी इमारत नाही. जॉन बेग यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ही इमारत १९१३ मध्ये पूर्ण झाली. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणाऱ्या या वास्तूच्या मुख्य भिंती काळ्या बेसॉल्टच्या आहेत, त्यांना कुर्ल्याच्या पिवळसर दगडाची जोड आहे आणि ध्रांगध्र्याहून आणलेला पांढरा दगडही वापरलेला आहे. डोळ्यांना हे तीन दगड रंगांमुळे सहज वेगळे कळतात, पण कृष्णधवल फिल्मवर रंगाचा आधार उरत नाही आणि पिवळा व पांढरा हे दोन दगड एकाच फिकट करड्या पट्ट्यात मिसळून जाण्याची शक्यता असते. एफपी४ प्लसवर ते मिसळत नाहीत. दुपारच्या तिरप्या उन्हात घेतलेली निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवून भिंगातून पाहिली, की पांढऱ्या दगडाच्या जागी निगेटिव्हची घनता स्पष्टपणे अधिक दिसते, पिवळ्याच्या जागी तिच्याहून एक पायरी कमी, आणि बेसॉल्टच्या पातळ भागातही दोन चिऱ्यांमधली दरज आणि टाकीचे घाव शाबूत असतात. काळ्या दगडाचा नुसता काळा ठिपका होत नाही. उजळ टोकाला छटा राखण्याची ही क्षमता मला या फिल्मचा सर्वांत मोठा गुण वाटते. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलचे पांढरे डोरिक खांब पश्चिमेच्या उन्हात न्हाऊन निघतात, तेव्हाही खांबांवरच्या उभ्या पन्हळी प्रिंटमध्ये एकेक करून मोजता येतात.

दगडांमधला हा फरक आणखी वाढवायचा असेल तर नारिंगी फिल्टर लावावा. महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजे जुने क्रॉफर्ड मार्केट, याचे उत्तम उदाहरण आहे. विल्यम इमर्सन यांनी आखलेल्या आणि १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत कुर्ल्याच्या पिवळसर दगडाबरोबर वसईचा तांबडा दगड वापरला आहे. फिल्टरशिवाय हे दोन्ही दगड जवळजवळ सारख्याच करड्या छटेत उतरतात. नारिंगी फिल्टर निळा प्रकाश अडवतो आणि पिवळ्या-तांबड्या रंगांना मोकळी वाट देतो, त्यामुळे ते दगड उजळतात आणि शेजारची सावली गडद होते, कारण सावलीवर मुख्यतः आकाशाचा निळसर प्रकाश पडलेला असतो. प्रवेशद्वारांवरची शिल्पकार लॉकवुड किपलिंग यांची उठावाची शिल्पे या युक्तीने भिंतीपासून सुटी होऊन पुढे येतात. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. नारिंगी फिल्टर सुमारे दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे १२५ ची फिल्म प्रत्यक्षात ३० च्या आसपास येते आणि तिवई किंवा निदान एखाद्या खांबाचा टेकू आवश्यक होतो. पिवळा फिल्टर एकच स्टॉप घेतो आणि रोजच्या वापरासाठी तो पुरेसा आहे. ज्या इमारतींपुढे वड किंवा पर्जन्यवृक्ष उभे आहेत, तेथे पिवळा-हिरवा फिल्टर लावल्यास पाने उजळतात आणि झाडामागचा दर्शनी भाग काळ्या ढिगाऱ्यात हरवत नाही.

फिल्टरचे गुण सांगताना आकाश गडद होण्याची गोष्ट नेहमी पुढे केली जाते, पण मुंबईत तिच्यावर फार विसंबू नये. फिल्टर निळे आकाश गडद करतो, आणि येथे हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत धुरक्यामुळे आकाश पांढुरके असते. ज्यात निळा रंगच नाही, ते कोणत्याही फिल्टरने गडद होत नाही. पावसाची मोठी सर येऊन गेल्यानंतरचे तास आणि परतीचा पाऊस संपल्यावरचे काही दिवस, एवढ्याच काळात राजाबाई टॉवरच्या शिखरामागे ढगांचा आकार असलेले आकाश मिळते. इतर वेळी आकाशाला चौकटीत जागाच कमी द्यावी, हे उत्तम. फिल्टर नसताना एफपी४ प्लसवर आकाश बऱ्यापैकी कोरे उतरते, आणि ही या फिल्मची मर्यादा म्हणून नोंदवायला हवी, जरी ती कमीअधिक प्रमाणात सर्वच पॅनक्रोमॅटिक फिल्मांची मर्यादा असली तरी.

येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते. म्हणजे आज आपण ज्यांना जुन्या इमारती म्हणतो, त्यांतल्या बहुतेक इमारतींचा पाया घातला जाण्यापूर्वी या शहरात कॅमेरा आला होता आणि त्या नव्याकोऱ्या असतानाची छायाचित्रे आपल्याला पाहायला मिळतात. त्या काळच्या कोलोडियनच्या, म्हणजे प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या, काचा फक्त निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच दाद देत, त्यामुळे त्या छायाचित्रांत आकाश हमखास पांढरे फटक आणि पिवळा दगड प्रत्यक्षाहून काळपट दिसतो. जुन्या छायाचित्रावरून एखाद्या इमारतीच्या दगडाचा अंदाज बांधताना हे ध्यानात ठेवणे गरजेचे आहे. जुन्या छायाचित्राच्याच जागी उभे राहून एफपी४ प्लसवर तीच चौकट पुन्हा घेतली, तर कोणता बदल इमारतीत झाला आहे आणि कोणता केवळ फिल्मच्या स्वभावातला आहे, हे बरेचसे वेगळे करता येते. माझ्या दृष्टीने या फिल्मचा हा सर्वांत मोलाचा उपयोग आहे.

१२५ ची फिल्म वापरायची तर ऊन कोणत्या भिंतीवर कधी येते याचा अभ्यास करावा लागतो, आणि फोर्टमध्ये तो सोपा आहे. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि उच्च न्यायालय ही व्हिक्टोरियन गॉथिक रांग पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे, तर मैदानाच्या पश्चिमेची आर्ट डेको रांग पूर्वेकडे पाहते. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून एकत्र नोंदवलेल्या या दोन्ही शैलींना त्यामुळे दिवसाच्या दोन वेगळ्या टोकांना ऊन मिळते. सकाळी डेको इमारतींचे गोलाकार सज्जे आणि आडव्या पट्ट्या घ्याव्यात, आणि दुपारी तीननंतर मैदान ओलांडून उलट दिशेला कॅमेरा लावावा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि टाउन हॉल यांचे दर्शनी भागही दुपारनंतरच उजळतात. सकाळी या पश्चिमेकडे तोंड केलेल्या कोणत्याही इमारतीपुढे ही फिल्म घेऊन गेल्यास समोर सावलीतली सपाट भिंत आणि मागे भगभगीत आकाश एवढेच हाती लागते.

उंच इमारतींच्या बाबतीत बारीक दाण्याचा एक व्यावहारिक फायदा आहे, ज्याचा उल्लेख क्वचितच होतो. कॅमेरा वर उचलला की टॉवरच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. त्या सरळ ठेवायच्या तर कॅमेरा जमिनीला समांतर धरून मागे सरकावे लागते. राजाबाई टॉवरची उंची सुमारे ८५ मीटर आहे. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने, उभ्या चौकटीत, कॅमेरा न झुकवता तो संपूर्ण मावायचा तर अंदाजे २३० मीटर दूर जावे लागते आणि पस्तीस मिलिमीटरने १६५ मीटर. मैदानाच्या पश्चिम कडेवरून पस्तीसच्या लेन्सने ते साधते, पण चौकटीचा खालचा निम्मा भाग गवत, क्रिकेटचे खेळाडू आणि कुंपण यांनी भरतो. तो भाग कापून वरच्या अर्ध्याचीच मोठी प्रिंट काढायची, तर निगेटिव्हमध्ये तेवढी ताकद लागते. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या एफपी४ प्लस फिल्मची अर्धी चौकट आठ बाय दहा इंचांच्या प्रिंटला निश्चितपणे पुरते. त्याच वेळी घेतलेल्या ४०० च्या फिल्मची अर्धी चौकट मला पुरेशी वाटलेली नाही, कारण घड्याळाच्या तबकडीभोवतालची नक्षी दाण्यांत विरघळते.

मोजमापाच्या बाबतीत ही फिल्म उदार आहे. सहा स्टॉप जास्त किंवा दोन स्टॉप कमी प्रकाश पडला तरी वापरण्याजोगी निगेटिव्ह मिळते, असे कंपनी सांगते. जास्तीच्या बाजूचा हा मोकळेपणा अनुभवाला येतो, पण कमीच्या बाजूने दोन स्टॉपपर्यंत जाण्याची शिफारस मी करणार नाही, कारण कमानींच्या आतला अंधार आणि काळा बेसॉल्ट आधीच खालच्या टोकाला असतो आणि त्यातला तपशील एकदा गेला की डार्करूममध्ये परत येत नाही. लाइटमीटर १०० वर ठेवावा, कमानीच्या आतल्या ज्या सावलीत पोत दिसायला हवा तिचे माप घ्यावे आणि त्यापेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश द्यावा. कडक उन्हात सावली आणि भिंत यांतले अंतर फार वाढते, तेव्हा डेव्हलपिंगची वेळ पंधरा टक्क्यांनी कमी केल्यास उजळ भाग आवाक्यात राहतो. पावसाळ्याच्या सपाट प्रकाशात याच्या उलट वेळ थोडी वाढवावी. ओल्या बेसॉल्टवर आकाशाची चकाकी पडते आणि त्या वेळी ही फिल्म जो रुपेरी करडा रंग देते, तो कोरड्या दिवसांत कधीच दिसत नाही.

रोल घरी धुणाऱ्यांसाठी आपल्याकडची खरी अडचण पाण्याच्या तापमानाची आहे. इलफोर्डचा आयडी-११ हा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन) एकास एक प्रमाणात, म्हणजे एक भाग डेव्हलपरला एक भाग पाणी असा, घेतल्यास कंपनीने २० अंश सेल्सिअसला ११ मिनिटे सांगितली आहेत. दर अंशामागे साधारण दहा टक्के वेळ कमी करत गेल्यास २४ अंशांना ती साडेसात मिनिटांच्या आसपास येते, आणि एप्रिल-मेमध्ये नळाचे पाणी २८ अंशांवर जाते तेव्हा पाच मिनिटांच्याही खाली घसरते. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळेत डेव्हलपर सर्वत्र सारखा काम करत नाही आणि आकाशासारख्या मोकळ्या भागात पट्टे उमटतात. टाकी बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवणे हा एक उपाय आहे. मला त्याहून सोयीचा वाटतो तो डेव्हलपर अधिक पातळ करण्याचा उपाय. एकास तीन प्रमाणात २० अंशांना २० मिनिटे लागतात, त्यामुळे २६ अंशांनाही हाताशी दहा-साडेदहा मिनिटे उरतात. पातळ डेव्हलपरमुळे कोरीवकामाच्या कडा किंचित अधिक धारदार होतात, हा दगडासाठी वरचा लाभ आहे. हे मिश्रण एकदाच वापरून टाकून द्यावे, आणि फिक्सर (चित्र टिकाऊ करणारे रसायन) व धुण्याचे पाणी डेव्हलपरच्याच तापमानाचे असावे. धुतल्यानंतर फिल्म बऱ्यापैकी सपाट वाळते आणि स्कॅनरच्या पट्टीत विनातक्रार बसते.

ही फिल्म कोठे कमी पडते तेही स्पष्ट सांगायला हवे. पुण्यातल्या वाड्यांच्या आत ती नेऊ नये, निदान तिवईशिवाय तरी नाही. विश्रामबागवाड्याचा रस्त्यावरचा लाकडी दर्शनी भाग तिच्यावर देखणा उतरतो, पण आतल्या सोप्यात सुरूदार खांब आणि त्यांवरच्या महिरपी यांचे जुने, काळवंडलेले लाकूड प्रकाश शोषून घेते. तेथे मीटर सेकंदांची भाषा बोलू लागतो आणि एका सेकंदाच्या पुढे फिल्मची संवेदनशीलता घटत जाते. मीटरने ५ सेकंद सांगितले तर साडेसात, १० सांगितले तर १८ आणि ३० सांगितले तर ७३ सेकंद द्यावे लागतात. तिवई लावू देतील अशी परवानगी हातात असेल तर हे हिशेब करण्यात काही वावगे नाही. ती नसेल तर याच कंपनीची एचपी५ प्लस घ्यावी, जी सुमारे पावणेदोन स्टॉप वेगवान आहे आणि गरज पडल्यास ८०० किंवा १६०० वर ओढता येते, म्हणजे तेवढ्या वेगाची समजून वापरून डेव्हलपिंगची वेळ वाढवता येते. दाणा वाढतो, पण हललेल्या चित्रापेक्षा दाणेदार चित्र केव्हाही बरे. खोताची वाडीसारख्या अरुंद गल्ल्यांत, जेथे ऊन दिवसातून थोडाच वेळ खाली उतरते, तेथेही मी एचपी५ प्लसच वापरते.

किमतीची बाब टाळता येणार नाही. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म मिळत होती, तोवर कृष्णधवल छायाचित्रण सामान्य माणसाच्या खिशाला परवडत होते. तो कारखाना बंद पडल्यानंतर आपण पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहोत, आणि एकाच फिल्मची किंमत दुकानागणिक आणि खेपेगणिक बदलते. छत्तीस चौकटींचे सुटे रोल घेण्यापेक्षा साडेतीस मीटरचा डबा घेऊन घरी रोल भरल्यास त्यातून अठराच्या आसपास रोल निघतात आणि दर रोलमागचा खर्च लक्षणीय उतरतो. मात्र डबा आणि भरलेले रोल दमट हवेपासून जपावे लागतात. हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह, फ्रिजमध्ये ठेवावेत आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच न उघडता दोन-तीन तास तसाच राहू द्यावा, नाहीतर फिल्मवर दव धरते. हारमनचीच केंटमेअर १०० स्वस्त पडते आणि सरावासाठी ती मी निःशंकपणे सुचवेन, परंतु उजळ आकाशासमोरच्या कळसांच्या कडांभोवती तिच्यात प्रकाश अधिक पसरतो आणि उजळ छटा लवकर संपतात. शिकण्यासाठी केंटमेअर आणि जपून ठेवायच्या कामासाठी एफपी४ प्लस, अशी वाटणी मला खर्चाच्या दृष्टीनेही योग्य वाटते.

१२० आकाराच्या, म्हणजे अधिक रुंद फिल्मच्या, कॅमेऱ्याची सोय असेल तर पस्तीस मिलिमीटरच्या आधी तोच विचारात घ्यावा, कारण इमारतींच्या कामात निगेटिव्हचा आकार वाढल्याचा लाभ इतर कोणत्याही बदलापेक्षा मोठा असतो. टर्मिनसच्या खांबांच्या माथ्यांवर तेव्हाच्या बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी कोरलेले पशुपक्षी आणि पानाफुलांच्या वेली पदपथावरून घेतलेल्या १२० च्या निगेटिव्हमध्ये पिसापिसासह सापडतात. रोल बाहेर धुवायला देणाऱ्यांनी प्रयोगशाळेला दोन गोष्टी आधी सांगाव्यात: निगेटिव्ह गुंडाळून न देता लांब पट्ट्यांत कापून पारदर्शक पाकिटात घालून द्यावी, आणि स्कॅन करताना कॉन्ट्रास्ट आपोआप वाढवू नये. एका ठिकाणाहून माझ्या रोलवर लांबच लांब ओरखडे आलेले आहेत आणि आकाशाच्या भागात ते कोणत्याही उपायाने लपत नाहीत. आपोआप वाढवलेल्या कॉन्ट्रास्टमध्ये तर पोस्टाच्या इमारतीचा पिवळा आणि पांढरा दगड पुन्हा एकच होऊन बसतात, आणि या फिल्मसाठी मोजलेले जास्तीचे पैसे तेथेच वाया जातात.